पिणारं लाकूड

त्यांना सगळे दोनहाते म्हणत. आता दोन हात कुणाला नसतात, असं तुम्ही म्हणाल. पण पॉलिशच्या धंद्यात हात म्हणजे लेप. लाकडावर पॉलिशचा एक थर चढला की झाला एक हात. गिऱ्हाईक म्हणायचं, "चांगलं आरशासारखं चकाकू दे, पाच-सहा हात मारा." की हे फडकं खांद्यावर टाकून म्हणणार, "दोन हात आणि बस. टेबल आहे ते, नवरी नाही."

दिवसभर काम काय, तर लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवायचे आणि कापसाच्या बोळ्यानं ते पाणी लाकडात जिरवायचं. संध्याकाळी अंगाला असा दारूसारखा दर्प यायचा की बसमध्ये शेजारची बाई पदर नाकाला लावून उठून जायची. मग हे दोन्ही जागांवर ऐसपैस बसत. गैरसमजाचा एवढा फायदा घेतलेला माणूस विरळा!

प्यायचे का? प्यायचे, खोटं कशाला बोला. पण तेही पॉलिशसारखंच. शनिवारी संध्याकाळी बुटक्या ग्लासात एकदा, मग जरा वेळ गप्पा, मग दुसऱ्यांदा. झालं. ग्लास स्वतः विसळून ओट्यावर पालथा. त्या पालथ्या ग्लासाचा तोरा काय वर्णावा! जगात थांबता येणारा आपण एकटेच, असं तोंड करून ते जेवायला बसत.

बायको म्हणायची, "अहो, ग्लास दोनावर थांबतो, पण शेंगदाणे? डबा रिकामा केलात."

तिचे थोरले भाऊ मात्र थेंबालाही शिवत नसत. "एक थेंब काय न् एक पिंप काय दाजी, विष ते विष!" असं म्हणत ते चहात चौथा चमचा साखर ढवळायचे.

"दादा, ती साखर तरी दोन हातांवर आणा," हे म्हणत. मग बायको डोळे वटारायची आणि विषय भाज्यांच्या भावावर जायचा.

दोनहात्यांचा जोडीदार होता एक सुतार. दोघांचा कारखाना एकच, पुढे करवत, मागे पॉलिश. सुताराचा हात सोन्याचा, पण बाटली उघडली की बूड दिसेपर्यंत उठायचा नाही. शेवटी त्याची बायको पोरीला घेऊन आपल्या बहिणीकडे गेली, तेव्हा गडी हादरला. त्यानं सोडली. कमी नाही केली, सोडलीच. बायको परत आली. पाऊस गेला, थंडी गेली, सुतार कोरडाच्या कोरडा. कुणाकडे कार्यक्रम असला की सोड्याची बाटली धरून कोपऱ्यात उभा राहायचा आणि जेवण वाढायच्या आत पळायचा.

दोनहात्यांचा जीव तुटायचा. काय हे जगणं! आणि मनात एक किडाही वळवळायचा, बरं का. सोडणं म्हणजे पळणं. मर्दानं थांबून दाखवावं. आणि थांबायचं कसं, हे शिकवायला आपल्यापेक्षा लायक गुरू कोण?

एका वकिलाच्या पुस्तकांच्या कपाटांचं मोठं काम पुरं झालं. त्या शनिवारी कारखान्यातच दोनहात्यांनी पिशवीतून लहानशी बाटली काढली.

सुतार दोन पावलं मागे सरला. "दोन्या, नको. मला नाही जमायचं."

"अरे एकानं काय होतंय? माझ्यासारखं कर. दोन हात आणि बस. मी आहे ना थांबवायला!"

आणि काय सांगावं, सुतार थांबला की हो! दुसरा संपल्यावर उठला, ग्लास विसळला, गुरूसारखाच पालथा घातला. दोघं पोट धरून हसले. दोनहाते शीळ घालत घरी आले. "जिंकलो! तुझ्या दादाला सांग."

सोमवारी सुतार आला नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी आली त्याची बायको. दारातच उभी राहिली.

"या वहिनी, बसा."

"बसायला नाही आले, भावोजी. तुमचे दोन हात शनिवारी झाले. पुढचे त्यांनी घरी येताना सुरू केले, ते अजून चाललेत."

दोनहात्यांच्या हातातलं फडकं तिथंच राहिलं.

"पिशवी भरून दाराशी ठेवलीय. जायचं की राहायचं, ते अजून ठरत नाही. दुसऱ्या कुणी पाजली असती तर शिव्या घातल्या असत्या. तुम्हाला काय घालू? तुम्ही तर चांगले!"

ती गेली. तो 'चांगले' शब्द असा लागला की एक वेळ शिव्या परवडल्या असत्या.

काही सुचेना, म्हणून त्यांनी काम पुढे ओढलं. खोक्यांच्या फळ्यांची एक स्वस्तातली मांडणी होती. पहिला हात मारला, जिरला. दुसरा मारला, तोही गडप. फळी कोरडीच, जणू कुणी शिवलंच नाही. आणि इतकी वर्षं जे म्हणत आले, तेच सवयीनं तोंडातून निघालं, "हे लाकूड फार पितं."

बोलले आणि बोळा हातातच थांबला.

असल्या लाकडाला पॉलिश दाखवायचंच नसतं, हे त्यांनीच किती गिऱ्हाइकांना सांगितलं होतं! त्याला सरळ रंग द्यायचा आणि मोकळं व्हायचं. त्यात लाकडाचा कमीपणा नाही. खिडक्यादारं रंगातच शोभतात, वर्षानुवर्षं ऊनपाऊस झेलतात. सागाचं माप खोक्याला लावणारा मात्र गाढव.

ते तसेच, वासासकट, सुताराच्या घरी गेले. दाराशी भरलेली पिशवी होती. ती ओलांडताना त्यांना आपलंच प्रेत ओलांडल्यासारखं झालं. सुतार भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"चूक माझी," दोनहाते म्हणाले. "सागाचं माप तुला लावलं."

मग भिंतीकडून आवाज आला, "म्हणजे मी काय? खोक्याचं लाकूड?"

"खोक्याचंच. आणि वर फुगलेलं."

सुताराच्या पाठीला हसू फुटलं, मग ते हसूच रडू झालं. दोनहाते पाठीवर हात ठेवून बसले. पुष्कळ वेळानं सुतार म्हणाला, "मग रंग कुठला देणार?"

"तू म्हणशील तो."

"हिरवा नको," स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाली. पण पिशवी हलवली नाही तिनं. बाई खमकी!

सुतार पुन्हा कामावर आला. डोळे खाली. वकिलाकडे कपाटं बसवायची होती, ती दोघांनी मिळून बसवली. वकीलसाहेब खूश. दारं उघडून पाहिली, मिटून पाहिली आणि आतून एक लांब मानेची बाटली नि तीन ग्लास घेऊन आले.

"आज तुम्ही कारागीर नाही, पाहुणे. बसा!"

सुतार जमिनीकडे बघायला लागला. नको म्हणावं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण ओठावर येईना. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

"अहो एकानं काय होतंय?" वकील म्हणाले आणि बूच काढलं.

आपलेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकले की माणसाला कळतं ते किती मूर्ख आहेत. दोनहाते पुढे झाले. गावभर थांबणारा म्हणून मिरवलेला हा माणूस हात जोडून म्हणाला,

"साहेब, उपकार करा, ती आत ठेवा. मला एकदा लागली की थांबवत नाही. मागे फार तमाशा झालाय. हा माझा मित्र बिचारा माझ्याखातर घेत नाही."

वकिलांनी एकदा नाक ओढून वास घेतला आणि त्यांची खात्रीच पटली. घाईघाईनं बाटली आत गेली, चहा बाहेर आला.

जिन्यात सुतार म्हणाला, "दोन्या, उद्या गावभर होईल. दारुडा म्हणतील तुला."

"म्हणू देत. वास तर आधीपासूनच येतोय."

सुतारानं त्यांच्या खांद्यावरचं फडकं ओढून डोळे पुसले. स्पिरिटचं फडकं ते! डोळे असे झोंबले की खालच्या मजल्यापर्यंत दोनहात्यांनी त्याला आंधळ्यासारखं धरून उतरवलं.

पुढल्या आठवड्यात दोनहात्यांच्या बायकोला वहिनी बाजारात भेटली. हातात तीच पिशवी, वर मेथीच्या जुड्या डोकावत होत्या. दोघी बोलल्या ते एवढंच, मेथी चांगली आहे.

शनिवारी दोनहाते घरी बुटका ग्लास घेऊन बसलेच. का बसू नये? साग तो सागच. पहिला संपतोय तोच थोरले मेहुणे दारात हजर, बातमी घेऊन.

"दाजी! शेवटी तेच झालं ना? वकिलाकडे हात जोडलेत म्हणे, थांबवत नाही म्हणून! मी सांगत नव्हतो?"

बायकोला सगळं ठाऊक होतं. ती फणकारून बोलणार, तोच दोनहात्यांनी शेंगदाण्यांची वाटी तिच्यापुढे सरकवली आणि मान खाली घालून म्हणाले, "सांगत होतात खरे, दादा."

मेहुणे इतके सुखावले की त्या दिवशी त्यांनी चहात पाचवा चमचा घातला.