बॉल कुणी दिला?

बास्केटबॉलमध्ये जिच्या पासवर थेट बास्केट होते, तिच्या नावावर एक असिस्ट लागतो. 'थेट' म्हणजे किती थेट, हे स्कोअर लिहिणाऱ्यानं ठरवायचं. लातूरच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत लिहायला बसवले होते इतिहासाचे एक सर, कारण त्यांचं अक्षर चांगलं होतं. खेळाशी त्यांचा संबंध एवढाच.

सर प्रामाणिक होते, हीच खरी पंचाईत. पहिल्याच मॅचला म्हणाले, "मला या चष्म्यातून काय दिसून राहिलंय? मी साक्ष घेणार." बास्केट झाली की ते मिनिट लिहून ठेवत आणि क्वार्टर संपला की बास्केट करणारीला टेबलापाशी बोलावून विचारत, "बाई, बॉल कुणी दिला?" ती सांगेल तो नंबर कागदावर. जिनं घेतला तिचीच साक्ष खरी, असं त्यांचं मत. घेतलेलं आपणहून कबूल करणारी माणसं त्यांना कुठं भेटली होती, कोण जाणे.

आमच्या नांदेडच्या संघात बास्केट करणारी एकच, किराणा दुकानदाराची उंच मुलगी. पास देणाऱ्या दोघी: उमरीची मी आणि मुरुडची एक. विद्यापीठाच्या संघात आम्हा दोघींतली एकच जाणार होती, जिचे असिस्ट जास्त ती. बरोबरी झाली तर उंच असेल ती, आणि मुरुडची माझ्यापेक्षा चार बोटं उंच होती. मला ती जागा हवीच होती. घरी स्थळं बघणं सुरू झालं होतं. विद्यापीठाचा टी-शर्ट दाखवून मला बाबांकडून एक वर्ष मागून घ्यायचं होतं.

उंच मुलगी पहिल्या साक्षीला म्हणाली, "सर, आमच्या क्रीडा सरांचा आशीर्वाद."

"ते मैदानात नव्हते. नंबर सांग."

मग ती आठवून सांगू लागली. तिचं आठवणं डब्यावर चालायचं. मुरुडचीच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी असायची, त्यामुळं माझे निम्मे पास तिच्या नावावर गेले. मी भांडले तर उंच मुलगी म्हणते कशी, "लई घाई होती गं, कळालंच न्हाई." दुसऱ्या दिवसापासून मी तिची पाण्याची बाटली भरू लागले, तिचे बूट उन्हात ठेवू लागले, तिच्या प्रत्येक स्टेटसला बदाम पाठवू लागले. तिची स्मरणशक्ती लगेच सुधारली. मोबाईलवर शूटिंग होतं म्हणा, पण ते बास्केट झाल्यानंतरच्या नाचाचं. पासचं शूटिंग कोण कशाला करतंय?

फायनलला मी एकानं पुढं होते. शेवटच्या क्वार्टरमध्ये मुरुडचीनं दोन मुलींच्या मधून बॉल असा सोडला, की मी नुसता हात वर केला आणि बास्केट झाली. अख्ख्या स्पर्धेतली माझी पहिली. सगळ्या मैदानादेखत मी तिला मिठी मारली. सर तेव्हा खाली मान घालून मिनिट लिहीत होते. मॅच संपली आणि त्यांनी मला बोलावलं.

"बाई, बॉल कुणी दिला?"

मुरुडची मागंच बाकावर बसून बुटाची नाडी सोडत होती.

"कुणी न्हाई, सर. रिबाउंड होता, रिंगला लागून उडालेला. माझा मीच घेतला."

सरांनी जराही शंका न घेता रकान्यात सुबक आडवी रेघ मारली. मला इतकी लाज वाटली, की मी त्यांच्या अक्षराचं कौतुक केलं.

परतीच्या एसटीत ती माझ्या शेजारीच बसली. लोहा गाव मागं गेल्यावर तिनं डबा उघडला, भाकरीवर चटणी घातली आणि माझ्या हातात दिली.

"खा. एकटीच लई पळालीस आज."

मी खाल्ली. पुढं टी-शर्ट मिळाला, वर्षही मिळालं. ते वर्ष तिनं दिलं, हे मी आजवर कुठल्याच टेबलापाशी सांगितलेलं नाही.