तोंडात न घातलेली चिमूट

आमच्या शाळेपासून वरच्या वस्तीपर्यंतचा सात किलोमीटरचा रस्ता मुरमाचा आहे. त्यावर डांबर कधी पडलं नाही आणि माझ्या हयातीत पडेलसं दिसत नाही. एकवीस वर्षं हा रस्ता एका माणसाच्या हाताखाली होता. रस्तेखात्याच्या कागदांवर ते मुकादम होते. लोक त्यांना तोंडावर मुकादम आणि पाठीमागे चिमूट म्हणत. एकदा माझ्याही तोंडून समोरच 'चिमूट' निघून गेलं. मी ओशाळलो, तर ते म्हणाले, "मास्तर, ओ दिली ना मी? मग झालं."

हे नाव त्यांच्या परीक्षा घेण्याच्या पद्धतीमुळे पडलं. मुरमाचा ट्रक आला की ते आधी त्याच्याभोवती एक फेरी मारत. मग वर चढून सगळ्यात मोठा दगड हुडकून काढत. अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेल्या कड्यातून तो पार गेला नाही, की कपाळाला आठी. पुढे मूठभर मुरमावर बाटलीतलं पाणी शिंपडायचं आणि दाबून गोळा वळायचा. शेवटी त्यातल्या बारीक मातीची चिमूट उचलून पुढच्या दातांत धरायची, डोळे मिटून दोन-तीनदा दात घासायचे, थुंकायचं, चूळ भरायची आणि निकाल द्यायचा. निकाल दोनच असत. "टाका" किंवा "परत न्या."

"लोक चूक झाली की माती खातात," ट्रकवाला म्हणायचा, "आमचे मुकादम पगार घेऊन रोज खातात." पण हेच तो दुसऱ्या कुणाला म्हणू देत नसे. खाणीवरून मुरूम आणायला लागून त्याला चौदा वर्षं झाली होती, आणि दोघं एकाच डब्यात जेवत.

त्या चिमटीत काय कळतं, असं मी मुकादमांना विचारलं होतं.

"नुसते दगड म्हणजे भावकी, मास्तर. एकाला दुसऱ्याशेजारी नांदायचं नसतं. चाक आलं की पळाले गटारात. त्यांना धरून ठेवायला थोडी चिकणमाती लागते. पण तिचा एक सावत्र भाऊ आहे, पोयटा. रंग तोच, हाताला लागतो तसाच, गोळाही झकास होतो. कोरडा आहे तोवर मोठा गुणी. पाणी लागलं की साबण! हाताला तो फसवतो, पण दाताला नाही. पोयटा दातांत बारीक कचकचतो. चिकणमाती लोण्यासारखी बसते."

खात्याची प्रयोगशाळा शहरात होती. तिथून निकाल यायला तीन आठवडे लागत आणि ट्रक तर समोर उभा असे.

रस्त्याला पाठ असली पाहिजे, असंही ते सांगत. मध्ये किंचित उंच, दोन्ही कडांना उतरता, म्हणजे पाणी थांबत नाही. त्यासाठी एक सरळ फळी आणि अर्धी भरलेली बाटली त्यांच्या सायकलला कायम बांधलेली असे. फळी रस्त्यावर आडवी ठेवायची, वर बाटली निजवायची आणि पाणी किती कलतं ते बघायचं. ते असं बसलेले दिसले की शाळेतली मुलं म्हणत, मुकादम रस्त्याला ताप आलाय का बघताहेत.

त्यांना एकच मुलगी. चौथीत ती माझ्या वर्गात होती. 'माझे बाबा' या निबंधात तिनं लिहिलं होतं, "माझे बाबा रस्त्याची चव घेतात. रस्ता चांगला लागला तरच तो लोकांना देतात." चौतीस वर्षांच्या नोकरीत अशी वाक्यं माझ्या वाट्याला फार आली नाहीत. मला राहवलं नाही. मी निबंध वर्गात मोठ्यानं वाचून दाखवला. वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरून कुणीतरी मचमच चावण्याचा आवाज काढला. मी पट्टी आपटली, शांतता झाली, आणि प्रकरण मिटलं असं समजून मी पुढची वही घेतली. ती दोन्ही तळवे वहीवर पालथे ठेवून तास संपेपर्यंत बसली होती. पुढच्या वर्षी तोच विषय आला तेव्हा तिनं लिहिलं, "माझे बाबा सरकारी नोकरीत आहेत." वाक्यात चूक नव्हती. मी बरोबरची खूण केली.

मुलगी शिकली, शहरातल्या दवाखान्यात एक्स-रे काढायला लागली. तिथल्याच एकाशी तिनं लग्न ठरवलं आणि मुलाचे आईवडील घर बघायला यायचे ठरले. त्याच दिवशी शाळेच्या वळणावर मुरूम टाकायचं काम निघालं होतं. मी तेव्हा निवृत्त झालो होतो आणि वळणासमोरच्याच खोलीत राहत होतो, अजूनही तिथंच राहतो. म्हणून पुढचं मी ओट्यावरून पाहिलेलं आहे.

मुकादम त्या दिवशी इस्त्रीच्या शर्टात कामावर आले होते. पाहुणे दुपारी येणार म्हणून बायकोनं सकाळीच अंगावर चढवलेला. पहिला ट्रक आला तेव्हा ट्रकवाल्यानं खिडकीतून डोकं काढलं.

"मुकादम, मशीनवाल्यानं आज खाणीचा कोपरा बदललाय. नीट बघून घ्या. आणि शर्ट कुणाचा आणलात?"

"तुझ्या सासऱ्याचा," मुकादम म्हणाले आणि वर चढले.

दगड कड्यातून पार झाला. गोळा वळला. एवढ्यात मोटार आली. दुपारी येणारी माणसं सकाळीच आली होती. अर्धा रस्ता बंद असल्यामुळे मोटार ढिगाशेजारीच थांबली. मुलगी उतरली, तिच्यामागून होणारे व्याही. पांढरे कपडे, वागायला मोकळे.

"वा! म्हणजे इथले इंजिनियर तुम्हीच की!" ते म्हणाले.

मुकादम हसले. सवयीनं त्यांची चिमूट उचलली गेली होती आणि तोंडाच्या अर्ध्या वाटेवर आली होती. मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं.  फक्त पाहिलं. मुकादमांनी हात खाली घेतला आणि चिमूट विजारीला पुसली.

"टाका," ते म्हणाले.

ट्रकवाला हलला नाही. "बघितलंत?"

"टाका म्हटलं ना!"

पाहुणे घरी गेले, चहा झाला, मोटार परत गेली. मुकादम वळणावर परतले तोवर तीन ट्रक पसरून त्यांच्यावर रोलर फिरला होता. उरलेले सहा यायचे होते. चाखता आलं असतं. पण आता चाखलं आणि वाईट निघालं, तर आधीचे तीन का उकरायचे ते सगळ्यांना सांगावं लागलं असतं. त्यांनी नऊही ट्रक चाखल्याशिवाय टाकून घेतले.

दोन आठवडे रस्ता आरशासारखा होता. मग सलग तीन दिवस पाऊस लागला. चौथ्या दिवशी वस्तीवरून येणाऱ्या नर्सबाईंची स्कूटर वळणावर आडवी झाली. मी धावलो, तर माझेच पाय घोट्यापर्यंत रुतले आणि घसरले. दगड सुटे झाले होते आणि त्यांच्यामधून तांबडं कढण वाहत होतं. नर्सबाईंच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. दीड महिना वस्तीला नर्स नव्हती.

ओव्हरसियर चौकशीला आले. त्यांनी ट्रकवाल्यालाच धरलं. फेरा वाचवायला तूच भलत्या कोपऱ्यातून भरलंस, म्हणाले.

"कोपरा मशीनवाल्याचा," ट्रकवाला म्हणाला. "आणि मी मुकादमांना सांगितलं होतं. विचारा की."

ओव्हरसियर मुकादमांकडे वळले. "सांगितलं होतं?"

मुकादम वळणाकडे बघत होते. "आठवत नाही, साहेब."

"उद्यापासून तू येऊ नकोस," ओव्हरसियर ट्रकवाल्याला म्हणाले. त्यानं खिशातून किल्ली काढली, ट्रकच्या पायरीवर ठेवली आणि चालत निघून गेला. त्याचा अर्धा डबा मुकादमांच्या सायकलला लटकत राहिला.

त्यानंतर अकरा दिवस मी मुकादमांना पाहत होतो. रोज सकाळी ते फावडं घेऊन वळणावर येत आणि निसटलेले दगड परत मध्ये ओढत. संध्याकाळपर्यंत दगड पुन्हा कडेला गेलेले असत. फळी आणि बाटली त्यांनी सायकलवरून सोडून ठेवली होती. बाराव्या दिवशी दुपारी ते माझ्याकडे आले, तोच इस्त्रीचा शर्ट घालून. वस्तीतल्या लोकांचे अर्ज मीच लिहून देतो.

"साहेबांना द्यायचंय," ते म्हणाले. "लिहा. ट्रकवाल्यानं मला सांगितलं होतं. मला आठवतं. तेव्हाही आठवत होतं."

मी लिहिलं.

"नऊ ट्रक मी न चाखता टाकून घेतले. चूक माझी."

ते थांबले. कारण नसलेला अर्ज अपुरा वाटतो, म्हणून मी सुचवलं, "'कामाच्या गडबडीत' असं घालू का?"

"गडबड कसली, मास्तर? ट्रक उभा होता, मी उभा होतो."

"मग काय लिहू?"

त्यांनी उजव्या हाताची बोटं उघडून समोर धरली. मग म्हणाले, "नर्सबाईंचा एक्स-रे माझ्या मुलीनं काढला. बाई तिला म्हणाल्या म्हणे, तुझ्या बाबांच्या रस्त्यानं मला आजवर कधी पाडलं नव्हतं गं. रात्री पोरीचा फोन आला. बाबा, तुम्ही तो चाखला होतात ना? मी हो म्हणालो. ती म्हणाली, मी बघत होते, बाबा." त्यांनी बोटं मिटली. "लिहा. पाहुण्यांसमोर लाज वाटली म्हणून चाखलं नाही."

"एवढं लिहायची गरज नाही," मी म्हणालो.

"ट्रकवाल्याची नोकरी गेली ती एवढ्यावरच ना? मग एवढंच लिहायचं."

मी ते लिहिलं. सही करताना ते मान वर न करता म्हणाले, "तिचा दोष नाही. लहानपणी शाळेत तिला कुणी हसलं होतं. त्या दिवशी घरी आली ती माझ्या हाताकडेच बघत राहिली. मी कितीदा तरी हात धुतले. कोण हसलं ते तिनं सांगितलं नाही."

निबंध कुणी वाचला ते मला ठाऊक होतं. तिनं माझं नाव घरी घेतलं नव्हतं. सांगायची वेळ हीच होती. मी कागदाची घडी घातली, पाकिटाला डिंक लावला आणि म्हणालो, "साहेब समजून घेतील." लाज वाटली असं सरळ कागदावर घालणारा माणूस माझ्यासमोर बसला होता, आणि मला ते दोन शब्द तोंडानेही म्हणता आले नाहीत. मुकादमांना मी पुढे केव्हातरी सांगितलं. मुलीला अजून सांगितलेलं नाही.

ओव्हरसियरांनी अर्ज वाचला, चष्मा पुसला आणि दुसऱ्यांदा वाचला. ट्रकवाल्याला परत बोलावलं. मुकादमांना एक वर्ष टोळीत साध्या मजुरासारखं काम करायला लावलं. मुरूम तपासायला मात्र तेच, कारण तपासणारा दुसरा कुणी नव्हता. वळण वीतभर उकरून नव्यानं भरायचं ठरलं. टोळीनं खोदलं त्यातलं निम्मं मुकादमांनी एकट्यानं खोदलं असेल. नर्सबाई गळ्यात हात बांधून बघायला आल्या. "खोल खणा," म्हणाल्या, "माझी एक चप्पल अजून सापडायचीय."

ट्रकवाला परत आला, पण बोलत नव्हता. डबाही वेगळा खात होता. ट्रक उभा करी, खाली उतरे, पाठ करून उभा राही आणि तेवढे दोनच शब्द टाकी, "बघून घ्या." मुकादम बघून घेत.

काम संपत आलं असताना मुलगी आली. या वेळी एकटी, एस.टी.तून उतरून पायी. ढिगापासून दहा पावलांवर थांबली. मुकादमांनी तिला पाहिलं. त्यांनी दगड कड्यातून काढला, गोळा वळला, चिमूट उचलली, आणि तिच्याकडे पाठ केली. मागून तिला त्यांचे कान तेवढे हलताना दिसत असतील. तिनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, ढिगाला वळसा घालून ती त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि पाण्याची बाटली उघडून धरली. मुकादमांचे डोळे मिटलेलेच होते. ते थुंकले, हात पुढे केला, बाटली हातात आल्यावर डोळे उघडले.

त्यांनी चूळ भरली. दोनदा.

"टाकू?" ट्रकवाल्यानं पाठमोऱ्यानंच विचारलं.

"परत न्या," मुकादम म्हणाले. "कचकचतोय."

खाण अठरा किलोमीटरवर होती आणि दुपार कलायला आली होती. ट्रकवाला वळला. त्यानं मुकादमांकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"तुझ्या बापाच्या दातांपायी माझं डिझेल संपणार एक दिवस," तो तिला म्हणाला. ट्रकमध्ये चढला आणि दार आपटलं. मग खिडकीतून ओरडला, "मुकादम, माझा डबा कुठंय? मागच्या वेळचा?"

"घरी आहे," मुकादम म्हणाले. "घासून ठेवलाय."