सकपाळांनी घेतलं नाही ते नाव

सकपाळ काही समजावून सांगताना दोन्ही हात टेबलावर पसरायचे. "हा हात लिहितो, हा हात वाचतो. लिहून व्हायच्या आधीच यानं वाचलं तर?" लोअर परळच्या आमच्या ऑफिसात रुग्णालयांसाठी रक्तदाब दाखवणारी मशिनं बनत. तिथल्या प्रत्येक नव्या माणसाला हा प्रश्न सोसावा लागे. बीडीडी चाळीत वाढलेले, पन्नाशी उलटलेले सकपाळ मला नावानं नव्हे, मी राहायचो त्या भागावरून हाक मारत. "काय ठाकूरद्वार, आज कसली घाई?"

घाई माझीच असायची. मशिनच्या प्रोसेसरमध्ये अनेक कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे आकडेमोड करणारे भाग, एकाच वेळी काम करत. एक कोअर रुग्णाचा आकडा मेमरीत लिहायचा आणि मग 'नवा आकडा आला' अशी खूण करायचा. दुसरा ती खूण पाहून आकडा पडद्यावर आणायचा. पण वेळ वाचवायला प्रोसेसर कामांचा क्रम आपल्या सोयीनं बदलतो. म्हणून सकपाळांनी अट घातली होती: आकड्याच्या आधी खूण दिसता कामा नये.

वेग वाढवायच्या नादात ती अट मी काढली. खूण ॲटॉमिक होतीच, मला तेवढं पुरेसं वाटलं. सकपाळ कितीदा म्हणाले होते, "ॲटॉमिक म्हणजे अर्धवट दिसणार नाही, एवढंच. आधी काय दिसेल ते कोण सांगणार, तुझा मामा?" ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दिवसभर चालवलं, एकदाही चुकलं नाही. तो प्रोसेसर हा क्रम मोडत नाही, मशिनमधला मोडतो, हे मला ठाऊक होतं. तरी 'तपासलं' असं लिहून टाकलं.

महिन्याभरात एका रुग्णालयातून मशिनं परत आली. नव्या रुग्णाच्या नावाखाली आधीच्या रुग्णाचा रक्तदाब दिसला होता. नर्सनं पुन्हा हातानं मोजला म्हणून निभावलं.

तो भाग सकपाळांच्या जबाबदारीचा. मीटिंगमध्ये ते उभे राहिले. "प्रोसेसरनं क्रम बदलला, साहेब."

"मग करून दाखवा."

"कधीतरीच होतं ते. म्हटल्यावर होत नाही."

"वा! आता प्रोसेसरवर ढकला."

सगळे हसले. ते खरं बोलताहेत हे कळणारा त्या खोलीत मी एकटाच होतो. कोणी काय बदललं याची नोंद कॉम्प्युटरवर होती, पण साहेबांनी ती उघडली नाही. सकपाळांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत रेघोट्या ओढत राहिलो.

त्याच आठवड्यात त्यांना राजीनामा द्यायला लावला. नंतर मी ती अट गुपचूप परत घातली. तक्रारी थांबल्या. "सकपाळ गेले नि मशीन सुधारलं," कॅन्टीनमध्ये कुणीतरी म्हणालं. मीही हसलो.

दोन वर्षांनी ते आजारी असल्याचं कळलं, तेव्हा त्यांच्या चाळीत गेलो. "सर, नोंद तुम्ही पाहिली होतीत. माझं नाव का नाही घेतलंत?" मी विचारलं.

"संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात माझ्या बाबांना पकडलं होतं. चौकीत बरोबरच्यांची नावं विचारली. त्यांनी नाही सांगितली." त्यांना धाप लागली. "पण ते पोलिसांसमोर, रे. मी काय तुला लपवत नव्हतो. मीटिंगमध्ये तू स्वतःच उठशील म्हणून थांबलो होतो."

"उद्याच साहेबांना सांगतो," मी म्हणालो.

"बघ."

सांगितलं नाही. पंधरा दिवसांत ते गेले. त्यांच्या जलदानविधीला त्यांच्या पत्नीनं मला बाजूला बोलावलं. "तुम्ही तिथलेच ना? यांच्या हातून खरंच चूक झाली होती का हो?"

मी म्हणालो, "मशीनचं काही सांगता येत नाही, वहिनी."