केसांची गोळी

नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि माझे केस जायला लागले होते. मी पंचविशी ओलांडलेली, जयसिंगपूरच्या एका ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. राहायला कोल्हापुरात, आईवडिलांजवळ. सकाळच्या पॅसेंजरनं जायचं, दुपारी परतायचं. थंडीत खिडकीची काच खाली ओढलेली असायची. रुकडीच्या अलीकडे पंचगंगेचा पूल आला की धुक्यानं बाहेर सगळं पांढरं व्हायचं आणि काचेत माझा चेहरा उमटायचा. मग ऊस सुरू झाला की तो माझ्या कपाळातून वाहत जायचा. कपाळ दर हिवाळ्यात थोडं मोठं होत होतं. अर्धवट झोपेत ते बघताना वाटायचं, हे दुसऱ्याच कुणाचं तरी चाललंय.

वडिलांचं डोकं मला कळायला लागल्यापासून गुळगुळीतच होतं. त्यांना त्याचं काही नव्हतं. आई मात्र माक्याचं तेल करायची आणि रविवारी मला अंगणात बसवून डोक्यावर थापायची.

"केस जात्यात म्हणून जीव जातोय व्हय?" ती म्हणायची. "तुझ्या वडलांचं काय अडलं?"

"त्यांचं लग्न झालं होतं, आई."

"मग तुझं पण हुईल की."

एका ठिकाणी मुलगी बघायला गेलो. तिच्या काकांनी माझ्याकडे बघितलं, हातातल्या फोटोकडे बघितलं आणि अगदी सहज विचारलं, "पावणं, फोटो जरा जुना हाय का?" फोटो आदल्या वर्षीचा होता. सगळे हसले, मीही हसलो. पुढच्या आठवड्यात राजारामपुरीतल्या एका त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर म्हणजे माझ्या आईच्या वयाच्या बाई. त्यांनी दिव्याखाली डोकं बघितलं आणि सांगितलं, की हे घराण्यातून आलंय, तेलानं थांबणार नाही, एक गोळी आहे, रोज घ्यायची. घेताय तोवर उपयोग, सोडली की केस पुन्हा आपल्या वाटेनं जाणार.

"काही त्रास?" मी विचारलं.

"थोड्या पुरुषांना इच्छा कमी झाल्यासारखी वाटते. शरीरसंबंधाची. काहींना मन उदास वाटतं. गोळी बंद केली की बहुतेकांचं पूर्ववत होतं."

"बहुतेकांचं?"

"बहुतेकांचं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचं होतं असं मी लिहून देणार नाही. विचार करा. घाई नाही."

मी त्यांच्या टेबलावरच्या काचेकडे बघत मान डोलावली. गोळ्या घेऊन घरी आलो आणि कपाटात शर्टांच्या खाली ठेवून दिल्या. पाकिटातला घडीचा कागद मात्र बाहेर काढला. तो उलगडला तर रुमालाएवढा झाला, आणि त्यावर मुंगीएवढी अक्षरं. मी रसायनाचा मास्तर, गोळीतला रेणू मला फळ्यावर काढता आला असता. त्याचा काही उपयोग झाला नाही. तो कागद वाचताना मी फक्त लग्न न झालेला एक मुलगा होतो, आणि ज्या गोष्टीची मला अजून ओळखही नव्हती तीच हरवेल या भीतीनं बसलो होतो.

किती तरी दिवस गोळी घेतली नाही. गाडीत बसलो की दोन संसार दिसायचे. एकात माझ्या डोक्यावर दाट केस, शेजारी बायको आणि दोघांमध्ये न बोलता येण्यासारखं काहीतरी. दुसऱ्यात डोकं वडिलांसारखं, आणि शेजारी कुणीच नाही. हातकणंगले यायचं, जायचं. शेजारची माणसं पत्ते खेळायची. मला वाटायचं, यांच्यातलं कुणीतरी सांगेल, पण विचारणार कसं?

त्या सुमारास घराजवळ सायबर कॅफे निघाला होता. प्लायवूडच्या खोपटात बसून मी कुठल्या कुठल्या देशांतल्या पुरुषांचं लिहिलेलं वाचायचो. एक म्हणायचा, आयुष्य परत मिळालं. दुसरा म्हणायचा, आयुष्य गेलं. दोघंही खरंच बोलत असणार असं वाटायचं, आणि मी कॅफेत शिरताना होतो त्याहून गोंधळून बाहेर पडायचो.

शेवटी एका सकाळी चहाबरोबर गोळी घेतली. काही घडलं नाही. मग रोज घेऊ लागलो, आणि रोज सकाळी जाग येताच स्वतःला तपासू लागलो. मन कसंय? शरीर जागंय का? कालच्यापेक्षा कमी? असं विचारत गेलो की उत्तर यायचं, कमीच. दिवस कापसातून चालल्यासारखे जाऊ लागले. वर्गात समीकरण लिहिताना हात मध्येच थांबायचा आणि मुलं वाट बघत बसायची. रंकाळ्यावर संध्याकाळी लोक भेळ खायचे, मी कठड्यावर बसून पाण्याकडे बघायचो, आणि पाणी मला आणखी लांब गेल्यासारखं वाटायचं. उशीवर केस कमी पडत होते, हेही खरं.

पुन्हा त्या डॉक्टरबाईंकडे गेलो. या वेळी लाज बाजूला ठेवून सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"गोळीमुळे असेल," त्या म्हणाल्या. "भीतीमुळेही असेल. दोन्ही मिळून असेल. मला बाहेरून ओळखता यायचं नाही. बंद करू आणि बघू."

बंद केली. काही आठवड्यांनी एकदा वर्गात कुणीतरी काही बोललं आणि मी मोकळेपणानं हसलो. दोन्ही सुटलं होतं, गोळीही आणि भीतीही. त्यामुळे दोष कुणाचा होता ते मला कधीच कळलं नाही. अजूनही सांगता येत नाही.

त्यानंतर जयसिंगपूरचंच एक स्थळ आलं. आमच्यासारखंच बौद्ध कुटुंब, मुलगी शाळेत चित्रकला शिकवणारी. घरच्यांची बोलणी झाल्यावर तिनं मला एकट्याला भेटायचं म्हणून सांगितलं. कॉलेज सुटल्यावर ती स्टेशनवर आली. फलाटावर दुपारचं ऊन होतं, गाडीला उशीर होता. आम्ही बाकावर बसलो.

"तुम्हाला एक सांगायचंय," ती म्हणाली. "मला लहानपणी फिट यायच्या. शाळेत असल्यापासून गोळ्या होत्या. आता डॉक्टरांनी बंद केल्यात आणि त्यानंतर फिट आलेली नाही. पण पुन्हा येणारच नाही असं ते म्हणत नाहीत. दोन स्थळं यावरून परत गेली. तुम्ही पण विचार करून सांगा."

मी विचारलं, "गोळ्यांचा त्रास व्हायचा?"

बहुतेक हा प्रश्न तिला कुणी विचारला नसावा. ती माझ्याकडे वळून बसली.

"झोप यायची. सारखी. वर्गात बसलं की बाईंचा आवाज पाण्याखालून यायचा. शब्द सापडायचे नाहीत. माझी सगळी शाळा तशी गेली, स्वप्नात गेल्यासारखी. म्हणून तर चित्रं काढायला लागले. त्याला शब्द लागत नव्हते."

मग मीही सांगितलं. गोळीचं, कागदाचं, तपासण्याचं, कापसाच्या दिवसांचं. जे डॉक्टरांना लाज बाजूला ठेवून सांगावं लागलं होतं ते या अनोळखी मुलीला सहज सांगता आलं. ती हसली नाही. पायाजवळची सावली सरकेपर्यंत ऐकत राहिली.

"मला गोळी लागत होती," ती म्हणाली. "घेतली नसती तर रस्त्यात कुठंतरी पडले असते. तुम्हाला ती हवी आहे. हवी असणं काही वाईट नाही. घ्यायची तर घ्या की. पण रोज घाबरून उठणार असाल तर केस आले काय न् गेले काय."

"तुम्हाला चालेल? असं डोकं?"

"तुम्हाला चालेल? माझं डोकं?" ती म्हणाली, आणि तेव्हा आम्ही दोघंही हसलो. गाडी आली. मी चढलो, दारात उभा राहिलो. फलाट हळूहळू मागे गेला आणि ती उन्हात लहान होत गेली. कोल्हापूर येईपर्यंत मी बसलोच नाही.

घरी फिटचं सांगितलं तेव्हा आईनं निवडायची भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, "तिनं आपणहून सांगितलं न्हवं? मग झालं." वडील नुसते हं म्हणाले. त्या उन्हाळ्यात विहारात आमचं लग्न लागलं.

लग्नानंतर मी पुन्हा एकदा डॉक्टरबाईंना विचारून आलो होतो. त्या म्हणाल्या, गोळी पुन्हा घेऊन बघायला हरकत नाही, कित्येकजण काही त्रास न होता वर्षानुवर्षं घेतात. माझ्या एका सहकाऱ्याला तर त्या गोळीनं चांगलाच गुण आला होता. मी बायकोशी बोललो, चार दिवस मनात घोळवलं आणि घेतली नाही. त्यात धाडस काही नव्हतं. मला त्या सकाळी परत नको होत्या, एवढंच. तिला फिट पुन्हा आली नाही. पहिली काही वर्षं ती गाढ झोपली की मी तिचा श्वास ऐकत राहायचो, मग तेही सुटलं.

केस मागे मागे जात राहिले. एका पावसाळ्यात मी उरलेलेही मशीननं काढून टाकले. दुसऱ्या दिवशी आम्ही स्कूटरवरून राधानगरीला गेलो. धरणाच्या वरच्या अंगाला ढग रस्त्यावर उतरले होते, पुढचं काही दिसत नव्हतं. मी स्कूटर कडेला थांबवली. ओला वारा झाडांतून आला आणि थेट माझ्या टाळूवर टेकला. आजवर तिथं असं काही कधी जाणवलं नव्हतं.

"कसं वाटतंय?" तिनं मागून विचारलं.

"गार," मी म्हणालो.

तिनं आपला हात माझ्या डोक्यावर ठेवला, आणि ढग पुढं सरकेपर्यंत आम्ही तसेच थांबलो.