दुसऱ्या फोनची पाठ

आमचं दुकान एकच. अर्ध्यात माझं शिलाई यंत्र, अर्ध्यात चिमट्याचं मोबाइल दुरुस्तीचं टेबल. चिमटा हे नाव मीच ठेवलं. हा माणूस चहात पडलेली माशीसुद्धा कामाच्या चिमट्यानं काढतो. येईल त्याला दम भरतो, "आधी सगळ्याची कॉपी काढा, मग माझ्याकडे या." स्वतःच्या घरी मात्र दिव्याखाली अंधार.

त्याच्या थोरल्या बहिणीच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज कायमचा गेला. त्याआधी ताईंनी रोजची वाक्यं फोनमध्ये बोलून ठेवली होती. "भाजी ताजी आहे का?" "जरा सरकून बसा." "गाढवा, अक्कल गहाण टाकलीस का?" हे खास भावासाठी. बोट लावलं की ताई बोलायच्या. या आवाजाची कॉपी चिमटा उद्या काढणार होता. त्याचा उद्या मला चांगला ठाऊक आहे.

ताईंचा फोन सारखा अडकतो म्हणून त्या दुपारी त्यानं नवं सॉफ्टवेअर भरायला घेतलं. अर्ध्यातच सगळं थांबलं आणि स्क्रीन काळी पडली. बटण दाबून झालं, चार्जर लावून झाला. फोन ढिम्म. समोर स्टुलावर बसलेल्या ताईंनी हातानंच विचारलं, काय झालं?

"काही नाही गं, होईल," तो म्हणाला. कपाळावर घाम आला होता.

ताई नुसत्या बघत राहिल्या. ते बघणं मलाच सोसवेना.

"अशी बघू नकोस ताई, चार शिव्या तरी घाल," तो बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

मी यंत्र थांबवलं. "फोनचा नंबर बघूनच फाइल घेतलीस ना?"

"पाठीवर छापलेलाच नंबर घेतला."

"अरे, ती पाठ तूच लावलीस ना, भंगारातल्या फोनची? रंग जुळत नाही म्हणून मी किती बडबडले होते."

त्याचा चेहरा उतरला. पाठीवर नंबर दुसऱ्याच फोनचा होता. त्यानं फोन उघडला, आतल्या बोर्डावरचा नंबर वाचला, त्याची फाइल शोधली. आता प्रश्न एकच होता. आतलं सगळं पुसून भरलं तर फोन हमखास उठणार, पण ताईंचा आवाज जाणार. न पुसता भरलं तर उठेल की नाही, याचा भरवसा नाही. लोकांचे फोन तो पुसूनच भरतो. हात सवयीनं तिकडेच गेला आणि त्यानं चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"तू वाच," तो मला म्हणाला. "माझा माझ्यावर विश्वास नाही."

मी प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचली. पुसायचं नाही, यावरच खूण होती. त्यानं बटण दाबलं. ताईंनी पदराचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलं होतं. पट्टी सरकत सरकत शेवटाला पोचली, फोन थरथरला आणि स्क्रीन उजळली.

ताईंनी तो ओढूनच घेतला. चिमटा मान खाली घालून उभा राहिला. आता गाढव ऐकायची त्याची तयारी होती, माझीही. ताई बराच वेळ काहीतरी शोधत राहिल्या. मग बोट टेकलं.

"राहू दे रे. होतं असं."

हे वाक्य आम्ही कधीच ऐकलं नव्हतं. आवाज असतानाच त्यांनी ते याच्यासाठी भरून ठेवलं होतं. चिमटा खाली बसला आणि रडला. मग नाक पुसून त्यानं कॉपी काढायला घेतली.