तात्पर्याची पट्टी

शाळेत पाहुणा म्हणून गेलं की आधी शाल, मग नारळ, मग हार, आणि मुलं तोवर उन्हात. मुलांसाठी लिहिणाऱ्या माणसाला मुलांपर्यंत पोहोचायला एवढं सगळं ओलांडावं लागतं. जुन्नर-आंबेगावच्या शाळांतून मी पुस्तक कसं तयार होतं ते सांगत हिंडतो. माझ्याकडे आता इतक्या शाली झाल्यात की घोडेगावच्या खोलीत मी त्या अंथरून झोपतो. ऊब एकीलाही नाही.

मी हिंगोलीकडचा. नववीत शाळा सोडली, पुस्तकं बांधायच्या कामाला लागलो, बांधता बांधता लिहू लागलो. शाळेचं फाटक दिसलं की अजूनही मी शर्टाची बटणं चाचपतो. कुणीतरी उभं करून पाढा विचारील असं वाटतं. ज्या संस्थेनं माझी पुस्तकं छापली आणि हे हिंडण्याचं काम दिलं, तिचे उपकार मी विसरणार नाही. पण शाळांनी बोलवायचं की नाही हे ठरतं शिक्षण खात्यातल्या एका साहेबांच्या शब्दावर. साहेब नाराज, तर काम बंद. काम बंद, तर मी परत हिंगोली.

बेल्ह्याजवळच्या एका शाळेत मी दोनदा गेलो. पहिल्या खेपेला मुलांना मोठ्या कागदाला घड्या घालून, मधोमध एक कात्री मारून, आठ पानांचं पुस्तक करायला शिकवलं. आतली गोष्ट ज्याची त्यानं लिहायची. अट एकच, मोठ्यांना विचारायचं नाही. दुसऱ्या खेपेला ती पुस्तकं साहेबांपुढं मांडायची होती.

कार्यक्रमाआधी मुख्याध्यापकांनी माझं शिक्षण विचारलं. नववी म्हटल्यावर त्यांनी आधी माझ्याकडे, मग हातातल्या शालीकडे पाहिलं, आणि माइकवर मला उच्चविद्याविभूषित करून टाकलं. शाल फुकट जाऊ नये म्हणून माणसं काय काय करतात.

टेबलावरचं एक पुस्तक उचललं आणि माझं डोकंच फिरलं. शेवटच्या पानावर पांढरी पट्टी चिकटवलेली, तीवर बाईंच्या वळणदार अक्षरात तात्पर्य. दुसरं उघडलं, त्यातही पट्टी. कोंबडीनं दप्तरात अंडं घातल्याची गोष्ट होती, तिचं तात्पर्य, स्वच्छता राखा. कालव्यात चप्पल वाहून गेली त्याचं तात्पर्य, पाणी हेच जीवन. जनावराच्या कानात बिल्ला ठोकावा तसा प्रत्येक गोष्टीला एकेक उपदेश ठोकलेला. बाईंना विचारलं तर त्यांनाच नवल वाटलं. साहेब येणार म्हटल्यावर नुसती गोष्ट कशी दाखवायची, म्हणाल्या. हात दुखेस्तोवर लिहिल्या होत्या पट्ट्या. कष्टाला ही माणसं कमी पडत नाहीत, हेच तर दुखणं आहे.

साहेब आले. भाषणं झाली. मग सहावीतल्या एका मुलीला पुस्तक वाचायला उभं केलं.

तिची गोष्ट बैलाची होती. बाप त्याला टेंपोत घालून बेल्ह्याच्या बाजाराला नेतो. व्यापारी रुमालाखाली बोटं धरून भाव करतात, पण जमत नाही. संध्याकाळी बैल त्याच टेंपोतून, पण या खेपेला मागं तोंड करून, माघारी येतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला रस्ता मागं पळताना दिसतो. घरी उतरतो आणि पाणी पितो. एवढंच. असं एखादं वाक्य साधावं म्हणून मी वर्षंच्या वर्षं घासतोय.

पाणी पिऊन झालं आणि ती थांबली.

"पुढं वाच की, बाळ," मुख्याध्यापक म्हणाले.

"संपली."

"आन् खाली लिहिलंय ते?"

"ते माजं न्हाई, सर. ते बाईंचं हाये."

खाली 'मुक्या प्राण्यांवर दया करा' लिहिलेलं होतं. शाळा समितीतले एक भाऊ मागून पुटपुटले, "बैल इकलाच न्हाय, तर दया कुणाची करायची, राव?" पोरं खिदळली. मुख्याध्यापकांचे कान लाल झाले. ती मात्र बसली नाही, पुस्तक छातीशी धरून उभीच राहिली.

साहेब माझ्याकडे वळले. लेखक म्हणून माझं काय मत, तात्पर्य असावं की नसावं? हिंगोलीची गाडी डोळ्यांपुढून गेली. पोरगी माझ्याकडेच बघत होती.

"नको, साहेब," मी म्हणालो. "गोष्ट तिची आहे. तिनं थांबवली तिथं ती संपली."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि आपलंही अगदी हेच मत आहे असं सांगितलं. त्या घटकेपर्यंत त्यांना मत असं नव्हतंच. मग उठून बोलले, की आजच्या कार्यक्रमाचं तात्पर्य म्हणजे गोष्टीला तात्पर्य नसावं. टाळ्या पडल्या. मुख्याध्यापकांची सगळ्यांत मोठी. आणि अशा माणसांच्या धाकानं मला रात्र रात्र झोप लागत नव्हती.

मुलीनं थुंकी लावून पट्टी सोलली. तिच्याबरोबर खाली चितारलेल्या बैलाचं अर्धं तोंडही निघून आलं.

पुढच्याच आठवड्यात लोणीच्या बाजूला एका शाळेत गेलो. साहेबांचा निरोप माझ्याआधी पोहोचला होता. इथल्या पुस्तकांत एकही पट्टी नाही, म्हणून जरा हायसं वाटलं. मग चौथीतल्या एका पोराच्या पुस्तकात शेवटी पांढऱ्या व्हाइटनरचा थर दिसला. विचारलं, हे काय?

"तात्पर्य व्हतं. मीच लिव्हलेलं," तो म्हणाला. "आजी धार काढीत आसली की शिट्टी वाजवू नये, म्हशी लाथ मारत्यात. बाईंनी पुसलं. आता तात्पर्य बंद झालंय म्हणं."

बाई शेजारीच होत्या. वरून आलेलं आम्ही पाळतो, त्यांनी सांगितलं, आणि तो उपदेश लाथेइतका खरा होता हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मी खिशातलं पेन काढून पोराच्या हातात दिलं. परत लिही म्हणालो, होतं तसंच. त्यानं बाईंकडं बघितलं. बाई मोबाइल घेऊन व्हरांड्यात गेल्या. फोन साहेबांनाच लागणार हे मला कळत होतं.

"मोठं लिवू का?" पोरानं विचारलं.

मी म्हणालो, पान भरून लिही.