लाल दिवा आणि ओली गोधडी

मी गेली अठरा वर्षं रत्नागिरीतल्या एका तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर नेटवर्क शिकवते, आणि आमच्या घरातलं नेट बंद पडलं की मला कुणी हात लावू देत नाही.

हा नियम सासूबाईंनी केला. कारण सांगते.

सासूबाई आणि त्यांची धाकटी बहीण सुमनमावशी अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. आमच्या लग्नात मावशींना पहिल्या पंगतीला बसवायचं राहून गेलं होतं. (म्हणजे भांडणाचं मूळ मीच!) मावशी आता मुलाकडे मस्कतला असतात. एक दिवस त्या मुलाचा निरोप आला, "उद्या सकाळी आईचं हृदयाचं ऑपरेशन आहे. मोठ्या मावशीला बघायचं म्हणते. आज तुमच्या चार वाजता व्हिडिओ कॉल करतो. पाचनंतर फोन बंद."

सासूबाई तीन वाजताच ठेवणीतलं लुगडं नेसून, पावडर लावून लॅपटॉपसमोर बसल्या.

पावणेचारला नेट गेलं.

"मी आहे ना!" मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच माझं शिक्षण घराच्या उपयोगी पडणार होतं!

"होईल ना गो?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, यात पायऱ्या असतात. सगळ्यात वर तुम्ही बोलता ते. त्याखाली बोलणं नीट पोचलं की नाही बघणारा, त्याखाली पत्ता शोधणारा, त्याखाली शेजारच्या यंत्राकडे देणारा, आणि तळाला वायर. प्रत्येक जण निरोप आपल्या पाकिटात घालून खालच्याला देतो. खालचा पाकीट फोडून वाचत नाही, नुसतं पुढे नेतो."

"आणि खालच्यानेच नेलं नाही तर?"

"असं होत नाही," मी म्हटलं, आणि वरून सुरुवात केली.

कॉलचं ॲप काढून पुन्हा टाकायला गेले. काढलं गेलं. पुन्हा टाकायला नेट लागतं, हे काढल्यावर आठवलं! मग लॅपटॉपचा पत्ता बदलून पाहिला. चार वाजून दहा मिनिटं. राउटरवर एक लाल दिवा लुकलुकत होता. माझ्या पतीने, सुधीरने, दोनदा विचारलं, "हा लाल कशाला लागलाय?"

"तू मध्ये बोलू नकोस. मी अजून पत्त्यापर्यंतच आलेय."

शेवटी राउटरच्या मागच्या रीसेटच्या भोकात सुई घालून दहा आकडे मोजले.

"आता वायफायचं नावसुद्धा दिसत नाही!" सुधीर ओरडला.

यंत्र कोरं झालं होतं. ते परत चालू करायचा पासवर्ड कंपनीच्या माणसाकडे, आणि त्याला फोन लावायला रेंज नाही. आमचं घर जांभ्याच्या कड्याखाली, रेंज असते ती शेजारच्या झुबेदाभाभींच्या गच्चीवर.

साडेचार. सासूबाई काळ्या पडद्याकडे बघत होत्या. "तिला वाटेल, मी मुद्दामच आले नाही," त्या हळूच म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात दगडी गडग्यापलीकडून झुबेदाभाभींचा आवाज आला, "अवो वैनी! वायरीवरची गोधडी काढा पयली! वायर पार मोडून लोंबतेय!"

आम्ही मागच्या अंगणात धावलो. खांबावरून घरात येणाऱ्या नेटच्या बारीक काळ्या वायरीवर पाणी निथळणारी गोधडी वाळत पडली होती. त्या वायरीत काचेचा तंतू असतो. तो दुमडला की संपला, राउटरवर लाल दिवा लागतो, हे मी दर वर्षी परीक्षेला विचारते!

"ही कुणी घातली?" सुधीरने विचारलं.

मी गोधडी ओढून काढायला लागले. दुपारी दोरीवर जागा नव्हती. मीच घातली होती.

"काय झालंय एवढं?" भाभींनी विचारलं. सांगितलं. त्यांचे मिस्टर मस्कतलाच असतात. "मग साधा फोन लावा की! माझ्या मोबाइलवरनं लागतो. चला आई, गच्चीवर."

सासूबाईंचे गुडघे दुखतात. तरी त्या लुगडं सावरत सतरा पायऱ्या चढल्या, आणि मी मागून एकेका पायरीला त्यांना आधार देत होते. पाचला दहा मिनिटं कमी असताना फोन लागला.

"सुमन?"

पलीकडून मावशींचा आवाज आला, "जेवलीस?"

"जेवले. तू?"

"मला आज काय देत नाहीत."

"बरं. मग उद्या जेव."

एवढंच! अकरा वर्षांनी! मग मावशी म्हणाल्या, "आवाज तोच आहे गो तुझा," आणि दोघी रडायला लागल्या. माफी कुणी मागितली नाही. पण ती पोचली होती, इकडून आणि तिकडूनही. कुठल्या पाकिटातून गेली, ते मला अजून सांगता येणार नाही.

ऑपरेशन छान झालं. दोन दिवसांनी कंपनीचा माणूस आला. त्याने मोडलेली वायर पाहिली, कोरा राउटर पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"काकी, एवढा लाल दिवा लागलेला! घरात नेटवर्कमधलं कळणारं कुणीच नाय काय?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या तोंड उघडणार, इतक्यात मी घाईघाईने म्हटलं, "नाही हो. कुणीच नाही."